बाणकोटची शाळा आणि मनुरेवाची जमीन

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत ख्रिस्ती मिशनऱ्यांवर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. सिनेगॉगचा इतिहास म्हणजे विश्वस्तांची नामावली, हज्जानांची परंपरा आणि सेफेर तोरा कोणी केव्हा अर्पण केला याची नोंद, असाच आपला रिवाज आहे. परंतु आपला समाज लिहू-वाचू कसा लागला, हे सांगायचे झाले तर पाद्रीसाहेबांना दाराबाहेर उभे करून भागत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांमध्ये या विषयावर दोन तट असत. एकाचे म्हणणे, पाद्री आले नसते तर आपण घाण्यापाशीच राहिलो असतो. दुसऱ्याचे म्हणणे, ते आपल्याला बाटवायला आले होते, त्यांचे उपकार कसले मानायचे? ही दोन्ही मते ऐकत आम्ही मोठे झालो. आता न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहराच्या दक्षिणेस मनुरेवा या उपनगरात वास्तव्य करताना या जुन्या वादाची तिसरी बाजू आमच्या दृष्टीस पडली. मिशनरी इथेही आले होते, जवळजवळ त्याच वर्षी आले होते, आणि इथला हिशेब आपल्या हिशेबापेक्षा फार निराळा झाला. दोन्ही हिशेब एकमेकांशेजारी मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझिकेल, यांनी मुंबईत शाआर हाराहमीम हे आपले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले. त्या वेळी मुंबईत एकही अमेरिकन वा स्कॉटिश मिशनरी नव्हता. आपली मशीद आधी, पाद्री नंतर, हा क्रम विसरून चालणार नाही. त्याच्याही पूर्वी शेमा होता, सुंता होती, शनिवारचा बंद घाणा होता, ज्यावरून सारा कुलाबा जिल्हा आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत असे. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनाशी ढाकायचा सण ही नावे कोणत्याही पाद्र्याने दिलेली नाहीत. नव्हते ते पुस्तक. धर्म अंगवळणी होता, पण तो वाचून दाखवील असा माणूस गावोगाव मिळत नव्हता.

पुस्तक घेऊन आलेल्या लोकांचे आयुष्य कसे होते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. १८१२ च्या आरंभी अमेरिका सोडलेली, कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने हाकललेले, आणि मुंबईतही राहण्याचा परवाना नाही. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना विलायतेस रवाना करण्याचा हुकूम काढला, तेव्हा दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनपर्यंत पळाले आणि तेथून परत आणले गेले. पुढे कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊन मिशनऱ्यांना मोकळीक मिळाली आणि हे लोक टिकले. टिकले म्हणजे तरी काय? नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ साली परत गेले. १८१४ साली येऊन मिळालेले सॅम्युअल न्यूवेल हे १८२१ साली पटकीने वारले. त्यांची पत्नी हॅरिएट तर हिंदुस्थानात स्थिरावण्याआधीच, १८१२ साली मॉरिशस बेटावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावली होती. हॉलसाहेबांनी १८२५ साली बायकोमुलांना अमेरिकेस धाडले, स्वतः मागे राहिले आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनेच गेले.

त्यांचा दिवस आजच्या भाषेत सांगायचा तर तीन नोकऱ्यांचा होता. पंडितापाशी बसून मराठी शिकणे, देवळांच्या आवारात व बाजारात उभे राहून बोलणे, आणि शाळा तपासत फिरणे. बाजारातल्या बोलण्याला यश किती येई? हसणारे पुष्कळ, वाद घालणारे थोडे, पटणारा जवळजवळ कोणी नाही. घरून पत्र यायला चार-सहा महिने लागत, आणि मेल्याची बातमी येई तोवर वर्षश्राद्धही उरकलेले असे. तरीही १८१७ साली मुंबईत या मंडळींचा छापखाना मराठी छापू लागला. १८२६ पर्यंत सबंध नवा करार मराठीत उतरला. मराठी छपाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना या छापखान्यावाचून पुढे जाता येत नाही.

शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत. ब्राह्मण पंतोजी मिळत, परंतु पाद्र्याचे पुस्तक मुलांपुढे वाचण्याची त्यांना अडचण वाटे. इथे आपली मंडळी उपयोगी पडली. मूर्तीची पूजा न करणारा, एक देव मानणारा, मोशे आणि दावीद ही नावे ऐकून दचकण्याऐवजी सरसावून बसणारा, आणि घरी मराठीच बोलणारा मास्तर पाद्र्यांना दुसरा कुठे मिळणार होता? अमेरिकन मिशनच्या सुरुवातीच्या शाळांत बेने इस्राएल मुलेही होती आणि बेने इस्राएल मास्तरही होते. तेव्हा पाद्र्यांनी आपल्याला शिकवले हे जितके खरे, तितकेच त्यांच्या शाळा उभ्या करण्यास आपले हात लागले हेही खरे आहे. हे दुसरे वाक्य आपल्याकडे कमी वेळा उच्चारले जाते.

स्कॉटिश मंडळी आली ती मात्र थेट आपल्या शेजारात. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट. खाडीच्या अलीकडे श्रीवर्धन, म्हसळे ही आपली गावे. १८२३ साली डोनाल्ड मिचेल यांनी बाणकोटास ठाणे घातले आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या मागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड आणि जॉन स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णे येथे त्यांनी शाळा काढल्या, गावोगाव फिरले. कोकणातला पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको की जून ते सप्टेंबर खाडी बंद, वाट बंद, ओल भिंतीतून वर चढते आणि ताप घरात मुक्कामाला येतो. एडिंबरोकडून आलेल्या तरुण जोडप्यांनी असे पावसाळे काढले. त्यांच्या धर्ममताशी आपले काही देणेघेणे नसले तरी या चिकाटीची नोंद करण्यास आपले काही जात नाही.

डॉ. जॉन विल्सन १८२९ साली पत्नी मार्गारेटसह मुंबईस आले आणि मराठीसाठी प्रथम हर्णे-बाणकोटकडेच गेले. म्हणजे ज्या मराठीत पुढे त्यांनी मुंबई गाजवली ती त्यांना कोकणच्या किनाऱ्यावर मिळाली. मुंबईत परत येऊन त्यांनी जाहीर वादविवाद चालवले. १८३१ साली मोरभट दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद प्रसिद्धच आहे. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. गिरगावात आंब्रोळी येथे १८३२ साली काढलेल्या इंग्रजी शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. बाईंचे काम आपण अधिक लक्षात ठेवले पाहिजे. घरात लहान मुले, हवामान मानवत नाही, आणि तरी रोज गल्लीबोळांतून मुली गोळा करून शाळेत बसवायच्या, आयांची समजूत घालायची, मास्तर गैरहजर राहिला तर स्वतः शिकवायचे. १८३५ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्यांच्या दोघी बहिणी मग स्कॉटलंडहून येऊन त्याच कामाला लागल्या. मुलींना शिकवण्यासाठी कोणी जीव टाकावा ही कल्पनाच त्या काळच्या मुंबईला नवी होती. आपल्या मुली या शाळांत गेल्या आणि पुढे आपल्या समाजात शिक्षिका व परिचारिका एवढ्या संख्येने का निघाल्या, याचे एक मूळ तिथे सापडते असे आमचे मत आहे.

विल्सनसाहेबांनी आपल्यासाठी म्हणून केलेले खास काम म्हणजे १८३२ चे हिब्रू व्याकरण, मराठीतून लिहिलेले. हिब्रू मराठीतून शिकणारा माणूस जगात दुसरा कोण होता? ते पुस्तक बेने इस्राएलांसाठीच होते. हेतू काय होता, हेही झाकायचे कारण नाही. आपले जुने शास्त्र आपण मूळ भाषेत वाचू लागलो की त्यातूनच ख्रिस्ताकडे जाऊ, असा त्यांचा हिशेब होता. १८३८ साली त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे आपल्या समाजावर निबंध वाचला. आपले लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात आणि 'यहुदी' म्हटलेले त्यांना आवडत नाही, हे त्यांनी टिपले. त्यावरून आपण इस्राएलच्या हरवलेल्या दहा कुळांपैकी असावे असे अनुमान त्यांनी काढले. आपल्या नवगावच्या गलबत फुटल्याच्या कथेला त्यांनी तुच्छ लेखले नाही, मन लावून ऐकून घेतले. आपल्यासारख्या लहान समाजाला कोणी तरी मन लावून ऐकणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण हिशेब चुकला तो त्यांचा. व्याकरण आले, जुना करार मराठीत आला, मुले शिकली, आणि ख्रिस्ती झाले ते बोटांवर मोजण्याइतके. असे का झाले? १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पारशी पालकांनी विल्सनसाहेबांच्या शाळेतून मुले काढून घेतली आणि मुंबईत कोर्टकचेरीपर्यंत प्रकरण गेले. आपल्याकडे तसे वादळ उठण्याची वेळच आली नाही. आमच्या मते त्याचे कारण असे. आपल्या आजा-पणज्यांनी तो ग्रंथ उघडला आणि त्यांना त्यात नवा धर्म दिसला नाही, आपलेच घर दिसले. आठव्या दिवशी सुंता का, घाणा शनिवारी बंद का, दारफळणीला उपास का, हे सारे तिथे लिहिलेले होते. पाद्र्याने दिवा आणला आणि उजेडात आपल्याला आपलीच भांडी ओळखू आली. शिवाय आपण एकटे नव्हतो. १८२६ साली कोचीनहून यहुदी शिक्षक मुंबईस आले आणि त्यांनी उपासनेची रीत लावून दिली. मायकल सार्गन हे मूळचे कोचीनचे यहुदी, ख्रिस्ती झालेले. त्यांच्याही हिब्रू शाळा आपल्यात चालल्या. अक्षर कोणाकडून घ्यायचे आणि अर्थ कोणाकडून घ्यायचा, ही निवड आपल्या लोकांनी गाजावाजा न करता केली.

त्यानंतर जे घडले ते आपले कर्तृत्व आहे. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. १८७४ साली पुण्यास सचित्र हग्गादा निघाली, तीत आपल्या बायका लुगडी नेसून मासोत करताना दाखवल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी वीसाहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, डेव्हिड सॅसून यांच्या शाळेत त्यांनी आयुष्य घालवले आणि मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक झाले. हायम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली आपल्या समाजाची स्वतःची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. आज तिथे शिकणारी मुले बहुतेक इतर समाजांची आहेत, पण शाळा उभी आहे. त्याच १८७५ च्या १ डिसेंबरला डॉ. विल्सन मुंबईत वारले. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु ज्या वर्षी पाद्रीसाहेब गेले त्याच वर्षी आपण त्यांच्या शाळेची गरज संपवण्यास आरंभ केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आपला इतिहास छापून निघाला तो १९३७ साली, तेल अवीव येथे.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. आमच्या गावाचे नाव ऐकून भारतातले नातेवाईक विचारतात, हा मनू कोण आणि रेवा म्हणजे नर्मदाच ना? नाही. माओरी भाषेत 'मनु' म्हणजे पक्षी, आणि पतंगालाही तेच नाव आहे. तामापाहोरे नावाच्या सरदाराचा पतंग दोरी तुटून दूर निघून गेला, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. दोरी तुटून दूर गेलेल्या माणसांना राहायला हे गाव बरे आहे, असे आमच्यातले विनोदी लोक म्हणतात.

हॉलसाहेब मुंबईस उतरल्याच्या पुढल्याच वर्षी, १८१४ च्या नाताळात, सॅम्युअल मार्सडेन यांनी या देशाच्या उत्तरेस, बे ऑफ आयलंड्स येथे पहिले ख्रिस्ती प्रवचन केले. त्यांच्याबरोबर वस्तीला आलेले तिघे पदवीधर नव्हते. विल्यम हॉल सुतार, जॉन किंग चांभारकाम व दोरकाम जाणणारे, टॉमस केंडल शाळामास्तर. माओरी लोकांना आधी हुन्नर शिकवावेत, मग धर्म, अशी योजना. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे ही कुटुंबे अन्नासाठी माओरी सरदारांवर अवलंबून राहिली. लाकूड कापायचे, गहू पेरायचा, डुकराच्या बदल्यात कुऱ्हाड द्यायची, आणि रविवारी प्रार्थना. पहिला बाप्तिस्मा मिळायला १८२५ साल उजाडले. मुंबईतल्या पाद्र्यासारखेच इथल्याचेही हात रिते.

त्यांच्या घरकामाचा आठवडा इथल्या भाषेत कायमचा जाऊन बसला आहे. माओरीत रविवारला 'रातापू' म्हणजे पवित्र दिवस म्हणतात, आणि शनिवारला 'राहोरोई', म्हणजे धुण्याचा दिवस. रविवारी स्वच्छ कपड्यांत देवापुढे जाता यावे म्हणून पाद्रिणी शनिवारी धुणी काढत. आपला शब्बाथ या देशात धुण्याचा वार आहे. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून आपले नाव पडले, आणि इथे त्याच वाराला बादलीचे नाव! हे प्रथम कळले तेव्हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्या मंडळींना हसावे की रागवावे ते समजेना.

भाषेचे काम मात्र इथेही मनापासून झाले. केंडल १८२० साली होंगी हिका या सरदाराला घेऊन इंग्लंडला गेले आणि केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल ली यांच्या मदतीने माओरीचे व्याकरण तयार झाले. हे लीसाहेब हिब्रूचेही पंडित होते व पुढे केंब्रिजला हिब्रू शिकवत. विल्यम कोलेन्सो १८३४ च्या अखेरीस छापखाना घेऊन पाइहिया येथे उतरले. पेट्या उघडल्या तर खिळे ठेवायचे खण नाहीत आणि कागदही नाही. तरी १८३७ पर्यंत माओरी नवा करार छापून तयार झाला. आमच्यापासून फार दूर नाही अशा वायकाटो नदीच्या मुखाशी रॉबर्ट मॉन्सेल राहत. जुना करार माओरीत आणण्याचे काम त्यांनी हिब्रूवरून केले. १८४३ साली त्यांचे घर जळाले, हस्तलिखिते गेली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून बसले.

पण मनुरेवाच्या भूमीशी ज्याचे नाव बांधले आहे तो मिशनरी वेगळा. विल्यम फेअरबर्न हे सुतारकाम जाणणारे धर्मोपदेशक. १८३६ साली, आपापसांत लढणाऱ्या जमातींमध्ये शांतता व्हावी म्हणून, तंट्यातली जमीन मिशनऱ्याच्या हाती द्यावी असे ठरले, आणि तामाकीपासून पापाकुराकडे पसरलेला प्रचंड पट्टा फेअरबर्न यांनी घोंगड्या, कुदळी, तंबाखू असा माल व थोडी रोकड देऊन विकत घेतला. त्यांच्या अंदाजे ती ४०,००० एकर होती. पुढे मोजणी झाली तेव्हा ती दुपटीच्या घरात निघाली. मनुरेवा त्याच पट्ट्यात येते. पुढल्या वर्षी त्यांनी एक तृतीयांश जमीन माओरींना परत देण्याचे लेखी कबूल केले. ती परत गेली नाही. ब्रिटिश सरकारने चौकशी करून फेअरबर्न यांना थोडा भाग दिला, आणि उरलेली 'जादा' जमीन मूळ मालकांना देण्याऐवजी स्वतःकडे ठेवली. २०१८ साली न्यूझीलंडच्या पार्लमेंटने न्गाई ताई की तामाकी या जमातीशी समझोत्याचा कायदा केला तेव्हा या जुन्या दुखण्याचा उल्लेख झाला. मधल्या १८० वर्षांत त्या जमिनीवर आमच्यासकट अनेकांची घरे उभी राहिली.

फेअरबर्न यांची बाजू थोडी तरी सांगितली पाहिजे. ते मराएताई येथे राहून शाळा चालवत. त्यांची कन्या एलिझाबेथ मिशनच्या घरांत माओरी बोलतच वाढली, स्वतः शिक्षिका झाली आणि १८४३ साली तिने छापखानेवाल्या कोलेन्सोंशी लग्न केले. माणसे कष्टाळू होती. परंतु बाणकोटच्या मिचेलसाहेबांनी आणि आंब्रोळीच्या विल्सनसाहेबांनी आपल्या वडिलांकडून एक गुंठाही घेतला नाही, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. त्याचे श्रेय मिशनऱ्यांच्या स्वभावाला द्यावे असेही नाही. कोकणात जमीन आधीच कंपनी सरकारच्या सारावहीत बांधली गेली होती. पाद्र्याला घेण्यासारखे तिथे काही उरले नव्हते आणि आपल्याजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. घाणा, नारळाची चार झाडे आणि पलटणीतली नोकरी. गरिबीने आपल्याला वाचवले, असेही कोणी म्हणेल.

आता पुस्तकाची गंमत पाहा. मार्सडेनसाहेबांना माओरी लोक पांगलेल्या यहुद्यांचे वंशज वाटले होते. विल्सनसाहेबांना आपण हरवलेल्या कुळातले वाटलो. ज्या किनाऱ्यावर उतरावे तिथे हरवलेला इस्राएल शोधावा, ही त्या पिढीच्या पाद्र्यांची खोडच होती. पण माओरींनी तो शब्द उचलून धरला. १८३० च्या दशकात पापाहुरिहिया या द्रष्ट्याचे अनुयायी स्वतःला 'हुराई' म्हणजे यहुदी म्हणवू लागले आणि मिशनऱ्यांचा रविवार सोडून शनिवार पाळू लागले. युद्धात जमिनी गेल्यावर त्यांना मोशेची गोष्ट अधिक जवळची वाटली. मिशनच्या शाळेत शिकलेले ते कूटी यांना सरकारने चौकशीवाचून चॅटम बेटांवर डांबले. १८६८ साली सुमारे तीनशे माणसांसह जहाज ताब्यात घेऊन ते सुटले, आणि समुद्र ओलांडून आल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. त्यांचा रिंगातू पंथ आजही शनिवार पाळतो. पाद्र्यांनी दोन्हीकडे एकच पुस्तक दिले. आपण त्यात आपला भूतकाळ वाचला आणि माओरींनी आपला वर्तमानकाळ.

१८६५ च्या मार्चमध्ये ओपोटिकी येथे पै मारिरे पंथीयांनी कार्ल फोल्कनर या मिशनऱ्यास ठार केले. ते ज्या गलबतातून आले त्याचे कप्तान लेव्ही यहुदी होते, म्हणून त्यांना मारेकऱ्यांनी सोडून दिले. हा प्रसंग वाचताना आपल्या दिवेकरांची आठवण कोणाला होणार नाही? टिपू सुलतानाच्या कैदेत असताना ते बेने इस्राएल आहेत हे कळल्यावर सुलतानाच्या आईच्या सांगण्यावरून त्यांचा जीव वाचला आणि त्याच नवसाची मशीद झाली, असे आपल्याकडे सांगत आले आहेत. दोन देश, दोन युद्धे, आणि एकाच नावाने वाचलेले दोन जीव.

मनुरेवात हिल रोडवर नेथन होमस्टेड नावाची प्रशस्त वास्तू आहे. ऑकलंडमध्ये १८४० च्या सुमारास आलेले व्यापारी डेव्हिड नेथन हे तिथल्या हिब्रू काँग्रिगेशनच्या संस्थापकांपैकी. १८४१ साली झालेला त्यांचा विवाह या देशातला पहिला यहुदी विवाह मानतात. त्यांच्याच घराण्याने ही वास्तू १९२५ साली बांधली. आज ती लोकांसाठी कलाकेंद्र आहे, आणि नेथन घराण्याच्या जमिनीवरच १९८२ साली उघडलेले ऑकलंडचे वनस्पती उद्यान आहे. आमची मंडळी तिथे संध्याकाळी फिरायला जातात. तामापाहोरेचे वंशज, मिशनरी, सरकार, यहुदी व्यापारी, नगरपालिका, असा त्या हिरवळीचा सातबारा.

वाहतूक एकाच दिशेने चालली असेही नाही. १८९३ साली चार्ल्स रीव्ह हे टास्मानियाहून पुण्यास गेले आणि त्यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढले. म्हणजे ज्या दक्षिण समुद्रात १८१४ साली पाद्री आले त्याच बाजूने ऐंशी वर्षांत पाद्री आपल्या मुलखात जाऊ लागले.

आणि मिशनरी आजही मनुरेवात आहेत. लॅटर-डे सेंट्स चर्चची मुले जोडीजोडीने दारोदार येतात. पांढरा सदरा, छातीवर काळी नावपट्टी, वय एकोणीस-वीस. मुलांची सेवा दोन वर्षे, मुलींची अठरा महिने, घरापासून हजारो मैल. सकाळी साडेसहाला उठायचे, सोबत्याला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही, आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यासाठी व बाजारहाटीसाठी. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, आता दर आठवड्याला करता येतो. जवळच मनुकाऊत त्यांचे नवे मंदिर २०२५ साली उघडले. त्यांच्या शिकवणुकीत पॉलिनेशियन लोकांचा संबंध इस्राएलच्या घराण्याशी जोडलेला आहे. हरवलेल्या कुळांचा शोध म्हणजे अजून चालूच आहे. आमच्यातल्या एका आजीबाईंनी अशा दोन मुलांना दारातच सांगितले की बाळांनो, आम्ही इस्राएलच आहोत, तुम्ही उशिरा आलात. मग त्यांना आत बोलावून चहा देऊ केला. चहा त्यांच्या धर्मात वर्ज्य असल्याचे समजल्यावर लिंबाचे सरबत केले. हॉलसाहेबांचे वय मुंबईस उतरताना तिशीच्या आत होते. या मुलांकडे पाहून ते आठवतात.

१९६४ पर्यंत इस्राएलमध्ये आपल्या मंडळींना आपण खरोखर इस्राएल आहोत हे सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले. तशा दिवसांत, आमचे हिब्रूचे पहिले व्याकरण एका स्कॉटिश पाद्र्याने लिहिले, असे कोण उघडपणे सांगेल? न सांगितल्याबद्दल आपल्या वडिलांना दोष देता येत नाही. परंतु आता तो प्रसंग मागे पडला आहे. नातवंडे शाळेत वायटांगीचा तह शिकतात, त्या तहाचे माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने १८४० साली केले हे शिकतात, आणि घरी येऊन विचारतात, आपल्याकडे पाद्री आले होते का, त्यांनी आपले काय घेतले? आम्ही त्यांना सांगतो की काही घेतले नाही, घ्यायला आले होते ते त्यांना मिळाले नाही, आणि मागे एक व्याकरण ठेवून गेले.

पेसाहच्या रात्री आमच्याकडे अजून मराठी हग्गादा निघते. पाने पिवळी पडली आहेत, शिवण दोनदा घातली आहे. हिब्रूचा मजकूर आता नातवंडे भराभर वाचतात, आमच्यापेक्षा चांगला वाचतात. समोरच्या पानावरची मराठी त्यांना येत नाही, ती आम्ही वाचतो.